सरपंचबाईंची मुलगी

हिल्सबरो, ऑकलंड
एप्रिल २००७

प्रिय आई,

आरवच्या शाळेच्या बोर्डाची निवडणूक आहे. शेजारच्या झरमीनाने फॉर्म भरला, सूचक म्हणून सही माझी. ती कंदाहारकडची पठाण. काल तिच्या दिराने घरी जिरगा बसवला, म्हणजे नुसत्या पुरुषांची बैठक. त्यांच्यात बाईचं नाव परक्या पुरुषांसमोर घेत नाहीत, आणि इथे तर ते मतपत्रिकेवर छापून घरोघरी जाणार. बैठकीत ठरलं, नाव मागे घ्यायचं.

आज ती माघारीचं पत्र घेऊन आली, तशी मी भडकलेच. "कसले गं हे तुमचे रिवाज? माझी आई खेड्यात पाच वर्षं सरपंच होती!"

तिचे डोळे चमकले. पेशावरच्या निर्वासित छावणीत शिकलेल्या उर्दूत तिने विचारलं, "मग सभेत त्या पहिल्यांदा काय बोलल्या?"

आई, मला काही सांगता येईना. मला आठवतात ते तुझ्या खुर्चीत बसलेले बाबा. तू आत सगळ्यांचा चहा गाळत होतीस. सही तेवढी तुझी, तीही बाबा बोट ठेवतील तिथे.

झरमीना माघारीच्या पत्राची घडी घालून निघून गेली. उद्या दुपारी माघारीची मुदत संपतेय.

तुला त्या सभेत काय बोलायचं होतं गं? मला आजच हवंय. पण फोन बाबाच उचलतात, आणि हे पत्र तरी पोस्टात टाकू कसं? तुझ्या नावाचं पाकीटसुद्धा बाबाच फोडतात.

तुझी,
प्रणिता