उंबऱ्यावरचे हात

मी, खाली सही करणारी, मटणाच्या दुकानाची मालकीण, वय एकाहत्तर, साऱ्या चर्चमध्ये ‘सत्तूरबाई’ म्हणून ओळखली जाणारी, आज हे माझे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवते. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही. तोंडी जे काही बोलले त्या नुसत्या धमक्या होत्या. गाठ माझ्या पोटात आहे, डोक्यात नाही. बुद्धी शाबूत आहे की नाही अशी कोणाला शंका असेल, तर त्याने दुकानात येऊन माझ्याबरोबर बकऱ्याची मांडी सोलायला बसावे. माझ्यावर कोणाचे दडपण नाही. दडपण आणणारे माझ्या आधीच वर गेले.

कलम १. दुकान, त्यामागच्या दोन खोल्या आणि माळा ही माझी स्वकष्टाची मिळकत आहे. ती सगळी मी माझ्या भाचीला, म्हणजे धाकट्या बहिणीच्या मुलीला, देत आहे. तिला एकटीला. तिच्या नवऱ्याचा या मिळकतीवर काडीचाही हक्क नाही. हा गृहस्थ रविवारी चर्चमध्ये ऑर्गन वाजवतो. बाया म्हणतात, काय बाई हात आहे त्याचा! तो हात कसा आहे ते मला विचारा. गाण्याचा सराव चालू असताना चहा उशिरा आला म्हणून त्याने भाचीचे डोके टेबलाच्या कडेवर आपटले. कपाळापासून कानापर्यंत फाटले. टाके माझ्या दुकानात, मटण कापायच्या टेबलावर घातले. घालणाऱ्या डॉक्टरबाई खाली सही करत आहेत, त्यांना विचारावे.

मग नवे फादर त्यांच्या घरी गेले. दोघांना एकमेकांचा हात धरायला लावला, प्रार्थना केली, पाणी पिऊन आले. त्याच आठवड्यात त्याने तिचे मनगट मोडले. फादरांनी त्याच्या हातात दिले होते तेच.

सध्या ती माझ्याकडे आहे. पण मी डोळे मिटले की ही पोर परत त्याच्याकडे जाईल, अशी मला धास्ती आहे. लग्न मोडले तर देव तोंड फिरवतो, हे तिच्या डोक्यात पक्के बसले आहे. मी कानीकपाळी ओरडते, पण मावशीचे बोलणे ते मावशीचे बोलणे. वेदीवरून आलेला शब्दच तिला खरा वाटतो. हे मृत्युपत्र तेवढ्यासाठी आहे. बाकी सामानसुमान आहे.

कलम २. हे कलम मिळकतीचे नाही, पण वकील लावलेला नाही, त्यामुळे मला अडवायलाही कोणी नाही. भाचीच्या आईला, म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीला, भाचीच्या बापाने मारले. मारले म्हणजे जिवे मारले. आधी एकदा ती तोंड सुजवून आपल्या तेव्हाच्या फादरांकडे गेली होती. ते म्हणाले, “घरी जा, पोरी. आपला क्रूस आपणच उचलायचा असतो.” ती उचलून घरी गेली. पुढे एका रविवारी, सकाळच्या पहिल्या मिस्साच्या, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनाविधीच्या, आधी ती रक्ताने भिजलेल्या कपड्यांत धावत फादरांच्या बंगल्याशी आली आणि दोन्ही हातांनी दार बडवू लागली. “फादर, दार उघडा! नवरा माझा जीव घेतोय!” आत फादर मिस्साची वस्त्रे चढवत होते. त्यांना वाटले, नवराबायकोचे भांडण आहे, मिस्सा झाल्यावर बघू. हे त्यांनीच पुढे मला सांगितले. मागून तो पहार घेऊन आला.

मिस्साला येणाऱ्या बायांना ती पायरीवर सापडली. डोके मागून फुटले होते. दोन्ही हात उंबऱ्यावर होते आणि नखे उलटली होती.

तो कोर्टात म्हणाला, पाय घसरून पडली. आरडाओरडा ऐकणारा माणूस एकच, आणि त्याला वरून, महागुरूंकडून म्हणजे बिशपांकडून, निरोप आला की चर्चची अब्रू सांभाळा. फादर साक्षीला गेले नाहीत. पापनिवेदनात कानी पडलेली गोष्ट असती तर मी ब्र काढला नसता. ती धर्मगुरूने मरेपर्यंत पोटात ठेवायची असते, हे मला कळते. पण माझी बहीण पापे सांगत नव्हती. ती दार ठोकत होती. तो निर्दोष सुटला.

कलम ३. मोठा सत्तूर आणि धार लावायचा दगड भाचीला. या सत्तुराची हकिकत अशी. सुटल्यावर तो दारू पिऊन दुकानात आला, “पोरगी माझी आहे, बऱ्या बोलाने दे” म्हणाला आणि माझ्या आईच्या कडेवरून तिला ओढू लागला. मी त्याचा हात धरून ओंडक्यावर ठेवला आणि दोन बोटे तोडली. तिसऱ्यालाही लागले असते, पण आई मध्ये पडली. तो पुन्हा आला नाही. मला तुरुंग झाला आणि तो मी मुकाट भोगला. याचा पश्चात्ताप मला आजही होत नाही. देवाने विचारले तर त्यालाही हेच सांगेन, खोटे कशाला बोला. हा सत्तूर महागुरूंना पाठवावा असे आधी लिहिले होते. डॉक्टरबाईंनी खोडायला लावले.

कलम ४. माझे बायबल कोणालाही देऊ नये, माझ्याबरोबर पुरावे. ते तुरुंगात मिळाले. बाहेर आल्यावर त्याच फादरांनी मला रविवारच्या मिस्सातले बायबलचे पहिले वाचन दिले. तुरुंगातून आलेल्या बाईला वाचायला उभी केली म्हणून चार घरे चिडली. फादरांनी ऐकले नाही. का ऐकले नाही, ते त्यांना ठाऊक आणि मला ठाऊक.

वाचन आपण निवडायचे नसते. पुस्तकात नेमून दिलेले असते, तीन वर्षे झाली की पुन्हा पहिल्यापासून. इतकी वर्षे वाचले, पण एक अध्याय माझ्या वाट्याला कधी आला नाही. येणारही नाही, कारण तो कुठल्याच रविवारी नेमलेला नाही. तो जुन्या करारात, शास्त्यांच्या काळातला आहे. एक लेवी, म्हणजे देवाच्या सेवेतला माणूस, परगावी मुक्कामाला असतो. गुंड घराला वेढा घालतात. हा आपल्या जिवावरचे बायकोवर ढकलतो, तिला धरून बाहेर काढतो आणि दार लावून घेतो. ते तिची रात्रभर विटंबना करतात. उजाडता ती कशीबशी परत येते आणि दारात कोसळते, हात उंबऱ्यावर. तो दार उघडतो आणि म्हणतो, ऊठ, निघू या. ती काय उठणार! मग तो सुरी घेऊन तिचे बारा तुकडे करतो आणि देशभर पाठवतो. शेवटी लोक म्हणतात, असे कधी झाले नव्हते. विचार करा आणि बोला.

मी जन्मभर मांस कापले. हा अध्याय वाचताना मला पुस्तक खाली ठेवावे लागले.

कलम ५. गेल्या वर्षी चर्चमध्ये सुधारणेसाठी सभा झाली. सगळ्यांचे ऐकून घेणार, बायकांचेही, असे जाहीर केले होते. मला विचारले, तुम्हाला काय हवे? मी म्हटले, “बंगल्याचं दार.” मार खाल्लेली बाई आली की ते आधी उघडायचे आणि मग उपदेश करायचा, असेही समजावून सांगितले. समितीने मान डोलावली. पंधरवड्यात सुतार आला, दाराला नवी फळी, रंग आणि भारी कुलूप बसवून गेला. सूचना अमलात आणली म्हणून माझे आभारही मानले! तेव्हा आता भाचीवर एकच अट घालते. दुकानाच्या मागच्या दाराला आतून कडी नसावी. कुठलीही बाई आली तर तिला आधी आत घ्यावे, नंतर नाव विचारावे.

कलम ६. माझ्या अंत्यविधीला कलम ४ मधला अध्याय पहिले वाचन म्हणून वाचावा, आणि तो त्याच, आता निवृत्त झालेल्या, फादरांनी वाचावा. ते आता बंगल्याच्या मागच्या खोलीत काठीच्या आधाराने राहतात. त्यांना हे सांगितले तेव्हा ते म्हणाले, “अगं, अंत्यविधीच्या वाचनांत हे नाही. लोक घाबरतील.”

मी म्हटले, “ज्यांनी घाबरायला पाहिजे ते घाबरू देत.”

“हे ऐकवून काय साधणार आहेस?”

“पोर समोर बसलेली असेल. तिला वेदीवरून कळू दे की परत पाठवलेल्या बाईचं काय होतं. आणि हे देवाच्याच पुस्तकात लिहिलंय.”

ते काठी टेकत निघून गेले. गेला महिनाभर त्यांनी हो म्हटलेले नाही. वाचन संपले की वाचक म्हणतो, हा प्रभूचा शब्द. आणि लोक म्हणतात, देवाला धन्यवाद. यावर कोणी काय म्हणावे ते मला सुचत नाही. गप्प राहिले तरी चालेल.

कलम ७. साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळू नये, असा रिवाज आहे. निवृत्त फादरांना मी काही दिलेले नाही, म्हणूनच त्यांना साक्षीदार केले आहे. एकदा साक्ष द्यायची राहिली, ती त्यांनी आज द्यावी. त्यांच्यावर माझा राग आहे, आणि आजारपणात मला भेटायला रोज येणारे तेच एक आहेत. दोन्ही खरे आहे.

येणेप्रमाणे राजीखुशीने लिहून ठेवले. ईस्टरआधीच्या उपवासकाळातला शुक्रवार आहे, मांस वर्ज्य, गिऱ्हाईक फिरकत नाही, म्हणून निवांत लिहिता आले.

ठिकाण: दुकानामागची खोली.
तारीख: उपवासकाळाचा चौथा शुक्रवार.
सही: सत्तूरबाई

साक्षीदार: गल्लीतल्या डॉक्टरबाई. सही माझ्यासमक्ष झाली. बाई पूर्ण शुद्धीवर आहेत, जरुरीपेक्षा जास्तच.

साक्षीदार: निवृत्त धर्मगुरू. सही माझ्यासमक्ष झाली. हिच्या बहिणीने दार ठोकले तेही माझ्यासमक्ष. नवरा जीव घेतोय असे ती ओरडली, ते मी स्पष्ट ऐकले. मी दाराच्या आत उभा होतो आणि कडी काढली नाही. हे कोर्टात सांगायला हवे होते. आज लिहून देत आहे, कुठेही दाखवावे. वाचन अंत्यविधीपर्यंत थांबवणार नाही. येत्या रविवारी मीच करतो, वरून काय यायचे ते येऊ दे. बाई, तू आणि पोर पुढच्या बाकावर बसा. मला दोघींकडे बघून वाचायचे आहे.