दोन कडवी आणि निळी नळी

वडूज,
ता. ९ ऑक्टोबर १९७४

चि. सौ. विजू,

तुला आणि सांगलीच्या माझ्या दोन्ही नातवंडांना पोटभर आशीर्वाद. इकडे शाळू उगवून आलाय. मला पाच दिवस ताप होता. घाबरू नकोस, उतरला. हे पत्र जिंकल्याचं आहे.

पहिल्याच दिवशी शेजारची बनुबाई दारात. "आवं आप्पा, तापात लंघन करावं. आन् जेवायचंच न्हाई, तर इन्सुलिनची सुई कशाला?"

म्हटलं, "तापात साखर उलटी वाढते बाई. सुई चुकवायची नाही. विजूचा हुकूम आहे."

"लेक सांगलीत आन् हुकूम वडूजात!" म्हणाली, पण तासातासाला वाटीभर पेज आणि मिठाचं ताक तिनंच पाजलं.

तू जाताना भिंतीला चिकटवलेला कागद मी धड्यासारखा पाळला. डॉक्टरांना लगेच निरोप धाडला. त्यांनी सुईचं माप वाढवून दिलं. दर चार तासांनी लघवीची तपासणी. नळीत निळं औषध, वर लघवीचे आठ थेंब, खाली स्पिरिटचा दिवा. घड्याळाचा सेकंदकाटा बंद, म्हणून उकळीची दोन मिनिटं मोजायला चौथीतली नदीची कविता म्हणायचो, जिच्यावर तू पाटी बडवून ताल धरायचीस. बरोब्बर दोन कडवी. तिसऱ्यात रमलो की नळी उसळलीच!

आधी विटकरी रंग, म्हणजे साखरच साखर. मग पिवळा, मग हिरवा. काल दुपारी दोन कडवी संपली आणि नळी निळीच राहिली, साखर नाही! मी ओरडलोच. बनुबाई धावत आली, "काय झालं वं?"

"पास झालो!"

विजू, गेल्या वर्षीच्या श्रावणातल्या तापाचं लिहायचं टाळतोय. दवाखान्यात आक्काताई चारचौघांत तुला म्हणाली, "पेजेत गूळ घालून माझ्या भावाला मारत हुतीस." तेव्हा मी शुद्धीवर होतो. डोळे मिटून पडून राहिलो. खरं असं, की तुझ्या गुळाचा दोष नव्हता; जेवत नव्हतो म्हणून तीन दिवस मी सुई घेतलीच नव्हती. सुई नुसती उकळून ठेवायचो आणि तुला 'घेतली' सांगायचो. पोरांच्या खोट्या सह्या पकडण्यात जन्म गेला, बघ. त्यानंतर तू माहेरी आली नाहीस.

आज आक्काताई समाचाराला आली. बनुबाईसमोर तिला सगळं सांगितलं.

"मग वरीसभर त्वांड शिवलं हुतं का रं?"

होतं.

ती पदर डोळ्याला लावून म्हणाली, "पोरीला बोलीव. मी तिच्या पाया पडती."

दिवाळीला ये. कवितेची पुढची कडवी तुझ्यासाठी राखून ठेवलीत. पाटी तुझीच आहे, माळ्यावरून काढून पुसून ठेवलीय.

यापुढे सुई आणि खरं, दोन्ही न चुकवणारा,
तुझा
आप्पा