तू एवढंच मागितलं होतंस?

प्रिय आई,

सलाम. तू गेल्यावर पहिल्यांदाच लिहितोय, आणि तेही भांडायला. तुला हे आवडलं नसतं. पण तोंडी भांडायची सोय तूच ठेवली नाहीस, त्याला मी काय करू?

आज शुक्रवार. परवा रविवारी तुझा पहिला स्मरणदिन. आणि त्याच उपासनेत पाळक म्हणून माझं समर्पण! आपल्या चर्चचे पाळकसाहेब बदलून गेल्यापासून मराठी मंडळीला पाळक नाही. समितीनं ठरवलं की मी शाळेतून स्वेच्छानिवृत्ती घ्यायची आणि सेवेत यायचं. गायकवाडकाका अजून सेक्रेटरी आहेत, तहहयात असावेत. ते म्हणाले, "दोन्ही एकाच दिवशी घेऊ, मास्तर. माय वरून पाहील आनि चहा बी एकदाच करावा लागेल."

तुझ्या स्मरणार्थ शिसवी वाचनपीठ करवलंय. त्यावर पितळी पट्टी: 'जिने आपले एकुलते लेकरू प्रभूच्या सेवेस वाहिले.' खाली तुझं नाव. काकांनी पट्टी मला अशी दाखवली, जणू मीच तिच्यावर खिळ्यांनी बसवला जाणार आहे.

तुला ठाऊकच आहे, मी या वाक्याबरोबर वाढलो. रविवारच्या शब्बाथ शाळेत इतर पोरांना गोळी मिळायची, मला गोळी आणि जबाबदारी. "हा देवाले वाहिलेला पोट्टा हाय," असं म्हणून कोणीही माझ्या डोक्यावर हात ठेवायचं. मंडळीतल्या हातांनी माझे केस लवकर गेले, असं माझं प्रामाणिक मत आहे. खोड्या करायची चोरी, नापास व्हायची चोरी. पतंग उडवताना दिसलो तरी कोणीतरी आभाळाकडे बघून सुस्कारा सोडायचं.

मी पळालो तो थेट संस्कृतात. तिथे मला कोणी शोधायला येणार नाही, अशी खात्री होती. विल्सन साळवे, संस्कृत! बीरगावच्या शाळेत पहिल्या दिवशी एका पालकानं विषय ऐकून नाव विचारलं आणि नाव ऐकून पुन्हा विषय विचारला. मला वाटलं, चार-दोन वर्षं शिकवू. मग बोलावणं येईल. तेव्हा जाऊ.

आई, ती चार-दोन वर्षं संपलीच नाहीत गं.

राज्य नवीन झालं त्या वर्षाची आठवण आहे? रायपूर एका रात्रीत राजधानी झालं आणि चौबे कॉलोनीतल्या लोकांनासुद्धा आपण दिल्लीजवळ राहतो असं वाटू लागलं. पाठ्यपुस्तकाच्या कामासाठी मला विचारणा आली होती. मी नम्रपणे नाही म्हटलं, कारण मी इथे फार दिवसांचा नाही. बढती आली, तेव्हाही हेच. बरोबरीच्या मास्तरांनी नव्या राजधानीकडे जमिनी घेतल्या, घरं बांधली. मी भाड्याच्या घरात. भिंतींना रंग नाही, कारण निघायचंच आहे. कूलरसुद्धा दर उन्हाळ्यात भाड्यानं आणतो, हे तर तू पाहिलंच आहेस. पाहुणे विचारायचे, तेव्हा तू नुसती हसायचीस. का हसायचीस?

असो. आता मुद्द्यावर येतो. मंगळवारी मी नलूमावशीला रविवारचं निमंत्रण द्यायला गेलो. तुझी दवाखान्यातली जोडीदारीण. तुझ्या-तिच्या किती रात्रपाळ्या सोबत झाल्या असतील! ती आता बीरगावातच मुलाकडे असते. गुडघे गेलेत, आवाज गेलेला नाही. भिंतीवर बुद्धांची तसबीर, खाली तुमचा दोघींचा पांढऱ्या टोप्यांमधला फोटो. मला बघताच म्हणाली, "इल्सन, किती वाळला रे! बायको जेवाले देत नाही काय?"

मी सांगितलं, रविवारी ये. आईचा दिवस आहे, आणि मी पाळक होतोय.

"तू? काहून?"

"काहून म्हणजे? आईनं वाहिलं होतं ना मला. जन्मलो तेव्हाच."

"कोन म्हनते?"

"सगळी मंडळी म्हणते, मावशी."

"मंडळी होती काय तिथं?" मावशीनं सुपारी कातरायची थांबवली. "मी होती. सातव्या महिन्याचा तू. मांजराच्या पिल्लाएवढा. डॉक्टरनं मान हालवली न् निघून गेला. तुही माय तुले छातीशी धरून म्हने, 'देवा, याले जगव. कोनाच्या तरी कामी येऊ दे.' बस! एवढंच. मी म्हटलं, 'सरला, मांगूनच राहिली त मोठं मांग ना व! कलेक्टर होऊ दे म्हन.' त रडता रडता हासली."

मी विचारलं, मग पाळक कुठून आला?

"तो तुह्या बाप्तिस्म्यात आला. तवाचे पाळक उभे राहून म्हने, या माऊलीनं आपला पोरगा सेवेसाठी देवाले देऊन टाकला. समदे आमेन म्हनून राहिले. एक म्हातारी त रडूनच राहिली. मी मांगच्या बाकावर होती. बाहेर आल्यावर मी तुह्या मायले म्हटलं, 'हे तू कवा म्हटलं व?' त म्हने, 'राहू दे नलू. त्यायले बरं वाटून राहिलं.'"

त्यायले बरं वाटून राहिलं!

आई, हे खरं आहे का? अगं, लोकांना बरं वाटावं म्हणून कोणी जास्तीचा चहा करतं. शेजारणीच्या फसलेल्या केकला छान म्हणतं. तू मुलगा देऊन टाकलास!

मी मावशीला म्हटलं, "इतकी वर्षं तूपण बोलली नाहीस?"

"मले काय मालूम तू खरं मानून बसला! मले वाटे, मास्तर झाला, लेकरायले शिकवून राहिला. झालं ना सरलाचं मांगनं पुरं." मग माझ्याकडे नीट बघून तिनं विचारलं, "नाही झालं काय रे?"

मी चहा न पिता उठलो. ती चिडली असेल. गुडघ्यांवर हात ठेवून दारापर्यंत आली आणि ओरडली, "रविवारी रिक्षा पाठवजो, नाही त मी येत नाही!"

परतताना भनपुरीच्या चौकात ट्रकांच्या रांगेत अर्धा तास अडकलो आणि रागावून घेतलं. आधी पाळकांवर. ते कधीच प्रभूकडे गेलेत, त्यामुळे राग परत आला. मग गायकवाडकाकांवर. मग तुझ्यावर, आणि तो तिथे टिकला. तू मला कितीदा सांगू शकली असतीस! कॉलेजात संस्कृत घेतलं, तेव्हा मी भीत भीत विचारलं होतं, देव रागावेल का? तू म्हणालीस, "शीक ना. कामी येईल." मी समजलो, देव सवलत देतोय. तू तर सरळ उत्तर देत होतीस!

की तुला वाटत होतं, मला माहीत आहे? की तुलाही ती गोष्ट हळूहळू आवडायला लागली? नाताळात बायका तुझा हात धरून म्हणायच्या, "सरलाबाई, तुमच्यासारखं देणं आम्हाला नाही जमणार." तेव्हा तू खाली बघायचीस. मला ती नम्रता वाटायची. आता वाटतं, ती अडचण होती. खरं काय ते सांग. बरं, नको सांगू.

घरी येऊन सांगितलं. तुझ्या सुनेनं, सुमननं, आधी चारी भिंतींकडे बघून घेतलं. मग म्हणाली, "म्हणजे आता घराला रंग देता येईल?"

आणि तुझी नात! मराठी सगळी समजते, उत्तर मात्र हिंदीत. फोनवरून डोळे न काढता म्हणाली, "पापा, आप तो हमेशा जाने ही वाले थे. गए कहाँ?"

मला वाटलं होतं, मोकळं वाटेल. पन्नाशीत खांद्यावरचं ओझं उतरलं, आता शीळ घालत फिरू. तसं काही झालं नाही, आई. बुधवारी नाही, काल नाही, आज तर नाहीच. निवृत्तीचा अर्ज टेबलावर आहे. सही झालीये, फक्त द्यायचाय. येता-जाता त्याच्याकडे बघतो आणि स्वयंपाकघरात जाऊन पाणी पितो. तीन दिवसांत मी उंटाएवढं पाणी प्यायलोय.

पहिलं भय असं: देव समितीच्या मार्फत बोलावू शकत नाही, असं थोडंच आहे? गोष्ट खोटी असली तरी रिकामं व्यासपीठ खरं आहे. मी नाही म्हणालो, तर ते आज्ञापालन की पुन्हा पळणं? गुडघे टेकून विचारलं. उत्तर आलं नाही. आलं असेल तर मी पाणी प्यायला गेलेलो असेन.

मग स्वतःलाच विचारलं, विल्सन, वाहिलेला वगैरे बाजूला ठेव, तुला पाळक व्हायचंय का? आई, नाही. मला पाळक व्हायचं नाही. हे वाक्य मी आयुष्यात पहिल्यांदा लिहितोय आणि छत कोसळलेलं नाही.

दुसरं भय मात्र मोठं आहे, आणि ते सांगायलाच हे पत्र. काल नववीच्या वर्गात हजेरी घेत होतो. एक मुलगी दोन आठवडे गैरहजर. मी विचारलं, ही कोण? वर्ग हसला. ती पहिल्या बाकावर बसते, आई. जूनपासून पहिल्या बाकावर, माझ्या नाकासमोर. बाप उरला औद्योगिक वसाहतीतल्या कारखान्यात भाजलाय, म्हणून ती घरी धाकट्यांना सांभाळते. हे सगळ्या वर्गाला माहीत होतं, मला तिचा चेहराही आठवेना.

इतकी वर्षं मी असाच शिकवत आलोय. वाईट नाही, माझी पोरं पास होतात. पण स्टेशनवरच्या माणसासारखा, सामान पायाशी घेऊन. दरवर्षी क्लास टीचरचं काम टाळलं: त्यात पोरांच्या घरी जावं लागतं, चौकशा कराव्या लागतात, गुंतावं लागतं. आणि मला तर देवाचं काम करायला जायचं होतं ना!

तू कधी म्हणाली नाहीस की तुला देवानं नेमलंय. तू सकाळी प्रार्थना करून उठायचीस आणि विचारायचीस, "आज कोनाले सुई द्यायची हाय?" निवृत्त झाल्यावरही. कोणाची जखम धुवायची आहे, कोणाच्या बाळंतिणीला आंघोळ घालायची आहे, कोणाचा नवरा पिऊन पडलाय. भनपुरीच्या त्या ट्रकवाल्यांच्या वस्तीतल्या पोरांची नावं तुला पाठ, त्यांना कुठली लस राहिली तेही पाठ. मी व्हरांड्यात पवित्र शास्त्र उघडून देवाचा हेतू शोधत बसायचो आणि तू माझ्यासमोरून पदर खोचून निघायचीस. एकदा तरी म्हणायचंस ना, ऊठ, चल माझ्यासोबत!

म्हणाली होतीस का? कदाचित म्हणाली असशील. मी वाचत असेन.

तर बघ, अडचण अशी आहे. मी रविवारी गप्प राहिलो आणि समर्पण करून घेतलं, तर तू थोर राहशील. पट्टी चकाकेल, म्हातारे रडतील, चहा होईल. खरं बोललो, तर लोक म्हणतील, अरेच्चा, सरलाबाईनं एवढंसंच मागितलं होतं? पन्नास वर्षांची कहाणी जाईल. काकांचा चेहरा कसा होईल ते मी आत्ताच पाहू शकतो. मेलेल्या आईचा मान तिच्या स्मरणदिनी काढून घेणारा मुलगा! यामुळे झोप लागत नाही, पाळक होण्या-न होण्यामुळे नाही.

पण खरं सांगू? मला तुझं खरं मागणं त्या पट्टीपेक्षा मोठं वाटायला लागलंय. देवाला मुलगा देऊन टाकणारी बाई दुरून बघायला बरी. सातव्या महिन्यातच जन्मलेलं पिल्लू छातीशी धरून, कोणाच्या तरी कामी येऊ दे म्हणणारी बाई माझी आई आहे. ती मला परत हवी आहे.

म्हणून हे कबूल करतो. रविवारी मी त्या नव्या वाचनपीठामागे उभा राहीन आणि नलूमावशीनं सांगितलं ते जसंच्या तसं सांगेन. तिला पुढच्या बाकावर बसवीन, कोणी शंका घेतली तर तीच बघून घेईल. दुसरा पाळक मिळेपर्यंत शास्त्रवाचनाला आणि प्रार्थनेला मी आहे, हेही सांगेन. मंडळीला वाऱ्यावर सोडणार नाही. समर्पण मात्र नाही. अर्ज हे पत्र संपवून फाडणार आहे. आणि सोमवारी, तास सुरू व्हायच्या आधी मोठ्या बाईंकडे जाऊन नववीचा क्लास टीचर मला करा म्हणून सांगेन. शाळा सुटल्यावर त्या मुलीच्या घरी जाईन. तिचं नाव दुर्गेश्वरी आहे. काल रजिस्टरमधून पाठ केलं.

बरोबर करतोय का, मला ठाऊक नाही. तरी उभा राहीन आणि शेवटी एवढंच म्हणेन: "माझ्या आईनं मला कोणाच्या तरी कामी येण्यासाठी मागून घेतलं होतं. मी अजून आलेलो नाही."

तुझा,
उशिराचा
विल्सन