वीराची जागा

कॅन्डी, श्रीलंका
४ नोव्हेंबर २०२४

ती. चिंतूदादास भाग्यश्रीचा शि. सा. न. वि. वि.

आम्ही सारे इथे खुशाल आहोत. फोन केला की तू दोन शब्द बोलून तो बुधीवैनीच्या हातात देतोस, म्हणून बाबांसारखं पत्रच लिहायला बसले. हे पोचेपर्यंत मी भिवंडीला परतून शाळेत रुजूही झाले असेन. यंदाही वाघबारशीला पाड्यावर येता आलं नाही, रागावू नकोस. सहलीच्या तारखा आधीच ठरल्या होत्या.

अनुराधापूरचे स्तूप पाहिले. नुसत्या विटांचे, पण आपल्या डोंगराएवढे. सिगिरियाच्या पायथ्याशी राजाची बाग आहे, दीड हजार वर्षांपूर्वीची. दगडी कुंडं, जमिनीखालून पाण्याचे पाट. भरपूर पाऊस झाला की तिथली कारंजी अजून उडतात म्हणे. राजा गेला, राज्य गेलं, पण पाण्याला आपली वाट आठवते. तू असतास तर पाट कसा काढलाय ते बघत तिथेच बसला असतास आणि आमची बस चुकली असती.

आता खरं लिहायचं ते लिहिते. आमच्या हॉटेलला मोठी बाग आहे. तिथे कमळाच्या टाक्याशेजारी एक वीरगळ उभा केलाय. खाली धनुष्य घेतलेला माणूस, मध्ये त्याला उचलून नेणाऱ्या बाया, वर चंद्र-सूर्य. डावा कोपरा उडालेला. आणि कडेला तशाच खाचा, जशा आपल्या वीराला आहेत. भात कापायच्या आधी आपली माणसं विळा एकदा त्याच्यावरून ओढतात, तशा. शेंदूर पार खरवडून काढलाय. खाली पाटी आहे, रक्षक शिळा, पश्चिम भारत, खासगी संग्रह. मी खाचेत बोट घातलं तर तिथल्या माणसाने हात लावू नका म्हणून अगदी अदबीने सांगितलं.

तुझ्या कुणालच्या फोनवर फोटो पाठवलाय. त्याने पाहिला, उत्तर दिलं नाही. तू एकदा खाली जाऊन आपला वीर जागेवर आहे ना ते बघून ये. माझा भ्रम असला तर मला खुशाल हस.

वैनीला नमस्कार. बहिणीवर माया आहे तशीच राहू दे.

तुझी,
भाग्यश्री

---

पाडा, अकलोली
२३ नोव्हेंबर २०२४

चि. बाय भाग्यश्रीस दादाचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

पत्र पोचलं. सुखरूप आलीस, बरं वाटलं. इकडं भात झोडून झालं. लोंबी चांगली व्हती, पन शेवटच्या पावसानं पेंढा काळा पडला. बैलं तोंड लावत न्हाईत. बुधीचा गुडघा दुखतो, ती रोज कुंडावर जाऊन गरम पाण्यात पाय सोडून बसते. कुणालची वडप्याला गोदामावर ड्युटी चालू हाय, एक हप्ता दिवसाची, एक रातीची. त्याला फोन बघायला टाइम न्हाय गावत.

दगडाचं म्हणशील तं दगडासारखे दगड असतात. आपला वीर आपल्या जागी हाय. तू शिकलेली, उगाच जिवाला लावून घेऊ नको. आन एवढ्यात इकडं येऊ नको. रस्त्याचं काम चाललंय, धूळ लय उडते. होळीला ये, तवा बघू.

पावन्यांना रामराम. लोभ हाय तो हायच, तो काय सांगायचा.

तुझा दादा,
चिंतू

---

भिवंडी
९ डिसेंबर २०२४

ती. दादास नमस्कार.

तू येऊ नको लिहिलंस, म्हणूनच आले. काल रविवारी विवेकना घेऊन पाड्यावर गेले होते हे वैनीने सांगितलं असेलच. तू घरात नव्हतास. आमची गाडी पाहून मागच्या वाटेने रानात गेलास असं शेजारच्या लडकूने सांगितलं. वैनीने चहा केला आणि तो गार होईपर्यंत पदर डोळ्याला लावून बसली.

वीराच्या जागी खड्डासुद्धा नाही. सिमेंटचा ओटा, त्यावर स्वयंपाकघरात लावतात तसल्या पांढऱ्या फरशा, आणि कोणी तरी आणून ठेवलेली एक प्लास्टिकची फुलमाळ. मला खोटं लिहिताना तुझा हात अडला नाही? बाबा आजारी असताना त्यांना पाठीवर घेऊन तू तिथे नेत होतास. मी पुढे नारळ घेऊन चालायची.

वैनी एवढंच बोलली की वडप्याचे गोदामवाले हिरामण शेठ टेम्पो घेऊन आले होते. तेवढं मला पुरे होतं. आज सकाळी मी पोलिसांत लेखी तक्रार दिली, आपल्या वीराचे जुने फोटो आणि त्या हॉटेलमधले फोटो जोडून. असली शिळा देशाबाहेर नेणं गुन्हा आहे, दादा. तो माणूस सुटता कामा नये. तुला विचारतील तेव्हा निदान त्यांच्यापुढे तरी खरं सांग.

याहून जास्त लिहवत नाही.

भाग्यश्री

---

पाडा, अकलोली
१७ डिसेंबर २०२४

भाग्यश्रीस,

खरं पायजेल ना, घे खरं.

तीन पावसाळ्यांमागं डंपरसाठी रस्ता रुंद केला, तवा मशीनच्या धक्क्यानं वीर पडला. आख्खा पावसाळा तो गटारात पालथा व्हता. मी घराघरात जाऊन सांगितलं, चला, उभा करू. कोन आजारी, कोन कामावर. तुलाबी बुधीनं फोन केला व्हता. तू म्हनालीस की परीक्षा चालू हायेत, पुरातत्त्व खात्याला अर्ज करते, तवर कोनी हात लावू नका. आमी हात न्हाय लावला. खात्याचं बी कोन आलं न्हाय. तूबी परत इचारलं न्हाय, उभा झाला आसंल धरून चाललीस. ढोरं त्याच्यावर पाय देऊन पाणी प्यायची.

मंग हिरामण शेठ आला. तो कसा आला ते तुला बुधीनं न्हाय सांगितलं. तुझ्या शाळेच्या पुस्तकात तू आपल्या वीराचा लेख लिवलास ना, फोटो घालून, पाड्याचं नाव घालून, कोणत्या फाट्यावरून वळायचं ते सुद्धा? ते पान त्याच्या हातात व्हतं. त्यानंच मला वाचून दाखवलं की हा आठशे वर्षांचा हाय. तवर मला काय ठावं? मला तो आपला वीर, एवढंच ठावं व्हतं. त्या लेखाआधी त्याला एक बी परका मानूस विचारीत नव्हता.

तो म्हनाला, गोदामाजवळ देऊळ बांधून बसवतो, रोज दिवा लावतो. मी इस्वास ठेवला. पैका घेतला न्हाय. कुणालला कामाला लावतो म्हनाला, ते घेतलं. त्याआधी पोरासाठी मी तुमच्या दारात किती यळा येऊन बसलो, ते पावन्यांना इचार. दर बारीला एकच, अजून शिकू दे, मंग बघू.

सहा महिन्यांनी मी दिवा बघायला गोदामावर गेलो. वॉचमननं आत न्हाय सोडलं. तो वॉचमन कुणालच व्हता. त्याचीबी नोकरी व्हती, तो तरी काय करनार. तवा समजलो, पन कुनाला सांगू? तुला? तू तक्रार दिली असतीस. दिलीसच.

चिंतू

---

पाडा, अकलोली
१६ फेब्रुवारी २०२५

सौ. भाग्यश्रीताईंस बुधीचा नमस्कार. वि. वि.

मी सातवीपत्तोर शिकले, अक्षर लावून घ्या. तुमची दोन पत्रं आली ती ह्यांनी फोडली न्हाईत. कौलाच्या वाशात खोचून ठेवलीत. फोनबी घेऊ देत न्हाईत, म्हनून मी कुंडावर बसून लिवते.

पोलीस आले ते ह्यांच्यासाठी. वालाच्या शेतातून उचललं, अंगावर बंडी व्हती तशीच. तुम्ही वकील घेऊन धावलात, पावनं रात्रभर बाहेर बाकावर बसले, ते मी इसरनार न्हाय. पन दोन दिस आत काय झालं ते ह्ये मलाबी सांगत न्हाईत. डावा हात वर जात न्हाय. हिरामण शेठनं कागद दाखवला, की चिंतूनं दगड आपखुशीनं दिला. खाली ह्यांची सही, देवळाच्या नावावर घेतलेली. म्होरं तो चोरीला गेला, मला काय ठावं न्हाय, आसं म्हनाला. शेठ घरी गेला, कोर्टाच्या तारखा ह्यांना. कुणालला दुसऱ्या दिवशी कामावरनं काढला. तो आता सुरतेला गेलाय.

तुम्ही म्हनलात की सरकार लिखापढी करून वीर परत आनील. फौजदार हसला व्हता, ताई. तुमच्या देखत न्हाय, तुम्ही गेल्यावर.

ह्ये तुमच्यावर रागावलेत असं न्हाय. रागावले असते तं बरं झालं असतं, राग उतरतो. ह्ये तुमचं नावच घेत न्हाईत. आमची धाकटी पोरगी इचारते, आत्या कधी येनार, तं ह्ये उठून बाहेर जातात.

एक सांगायचं हाय. माघाच्या पुनवेला पाड्यातली सारी मानसं जमली. गटारातला उभा करायला जे आले नव्हते तेबी आले. तानसा नदीतनं एक दगड आनला. त्याच्यावर मानूस न्हाय, बाया न्हाईत, चंद्र-सूर्य न्हाईत. नुसता गोल दगड. भगतानं शेंदूर लावला, कोंबडं दिलं, म्हातारी मानसं रडली. ह्यांनी उजव्या हातानं नारळ फोडला. त्या फरश्यांच्या ओट्यावर न्हाय बसवला, रानात बसवलाय.

कुठं, ते मी लिवत न्हाय. समद्यांनी मिळून तसं ठरवलंय, आन ठरवताना पयला हात ह्यांनी वर केला.

तुम्ही होळीला यायचं म्हनत असाल तं या, मी भाकर करीन. पन वाट इचारू नका.

जीव हाय तो हाय, आता लांबूनच.

तुमची वैनी,
बुधी