काचेवरचा डाग

९ जानेवारी

ती. स्व. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

हेल्मेट पोचलं. खोक्यावर तू इतकी सुतळी गुंडाळली होतीस की आत हेल्मेट आहे की कैदी, असं फिटरने विचारलं. फिटर म्हणजे माझ्या खोलीतला जोडीदार. मी जे पत्रे वेल्डिंगने जोडतो ते आधी तो जागेवर बसवतो. खरं सांगू, हेल्मेट घालून पाहिलं आणि काढावंसंच वाटेना. इतकी वर्षं काळ्या काचेच्या जुन्या हेल्मेटमध्ये आंधळी कोशिंबीर खेळलो. आधी हाताने जागा धरायची, मग मान झटकून हेल्मेट खाली पाडायचं आणि अंदाजाने सुरुवात करायची. ह्याची काच आधी साधी असते, सगळं दिसतं, आणि आर्क, म्हणजे वेल्डिंगचा झगझगीत झोत, पेटला की पापणी लवायच्या आत आपोआप काळी होते. मानेचं दुखणं तर पळालंच.

एकच कटकट आहे. सध्या मोठ्या टाक्यांच्या आत काम चालू आहे, डोक्यावरचे जोड. ठिणग्या वरून गळतात आणि काचेच्या वरच्या खाचेत शिरतात. तुझ्या बॅगांच्या कारखान्यात चामड्याचे तुकडे पडलेले असतात ना? कपाळाशी लावायला एक झालर शिवून पाठव. हेल्मेटचा आकार कागदावर काढून सोबत ठेवला आहे. बरोबर आलेलं माहितीपत्रक फार उपयोगी पडलं. आमचं टेबल डुगडुगायचं, त्याच्या पायाखाली घडी करून घातलं.

भावोजींना नमस्कार. लोभ आहेच, तो वाढता ठेव. ओरडणं मात्र आहे तेवढं पुरे.

तुझा,
धाकटा

२१ जानेवारी

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

झालर पाठवते आहे. सगळ्यात जाड चामडं मुकादमाकडून मागून घेतलं, चोरलेलं नाही. दुहेरी शिवण घातली आहे आणि चार टिचबटणं लावली आहेत. तुझ्या कागदावर ठेवून बोटभर जास्तच खाली सोडली, म्हणजे एकही ठिणगी आत जायची नाही. हे म्हणाले की एवढी मेहनत तू माझ्या चपलेवर कधी घेतली नाहीस. त्यांना म्हटलं, तुमच्या चपलेवर आग पडत नाही.

माहितीपत्रक टेबलाखाली घालणारा शहाणा तूच. काढ आणि वाच. हेल्मेट घेतलं त्या दुकानदाराने मला तोंडी सांगितलं ते असं, की काच मऊ ओल्या फडक्याने पुसायची, थिनरने अजिबात नाही. काळ्या काचेला जपणारी पुढची साधी काच खराब झाली की लगेच बदलायची. रोज काम सुरू करण्याआधी आतलं बटण दाबून काच काळी होते का ते पाहायचं. हे तरी कर. तुला लहानपणापासून एक काम तीनदा सांगावं लागतं, म्हणून हे पत्रही तीनदा वाच.

आशीर्वाद पोटभर, जेवणही तसंच असू दे.

तुझी,
ताई

२ मार्च

ती. स्व. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

झालर म्हणजे झालर! हेल्मेटला भोकं पाडून पक्की बसवली. खाचेत आता ठिणगी जात नाही. सगळे मला नवरदेव म्हणतात, मुंडावळ्या लावून आलास म्हणतात. फोरमनसुद्धा हात लावून शिवण बघून गेला. माझ्या बहिणीने शिवली आहे असं मी न विचारताच सगळ्यांना सांगत असतो.

बटण रोज दाबतो, काच रोज काळी होते, तेव्हा तू निश्चिंत राहा. कधी कधी काम करताना मात्र ती उशिरा काळी होते, एखाद्या वेळी होतच नाही. फटकन उजेड येतो आणि हिरवा ठिपका थोडा वेळ डोळ्यासमोर नाचत राहतो. टाकीच्या आत जागाच अशी आडवळणाची की कुठली काच गोंधळणार नाही? डोळे दुखत नाहीत, पाणीही येत नाही. जुन्या हेल्मेटच्या वेळी रात्रभर डोळ्यात वाळू घातल्यासारखं व्हायचं, तसं आता काहीही नाही. म्हणजे काच चांगलीच असणार.

पुढच्या साध्या काचा मिळाल्या तर पाठव. मधोमध एक डाग पडला आहे, पुसून जात नाही. टेबल छान स्थिर आहे.

लोभ आहे, तो मुंडावळ्यांसकट असावा.

तुझा,
धाकटा

१५ मार्च

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

काचा पाठवल्या आहेत, पुढच्या आणि आतल्याही. उजेड येतो हे वाचलं आणि तशीच दुकानात गेले. दुकानदाराला विचारलं. तो म्हणाला की काच एकदा जरी उशिरा काळी झाली तरी काम तिथेच थांबवायचं आणि कारण सापडेपर्यंत ते हेल्मेट घालायचं नाही. फोरमनला सांग. तू सांगणार नाहीस हे मला माहीत आहे. पुढे पुढे करून दुसऱ्याचं कामही अंगावर घेणारा तू, काम थांबवा म्हणायला तुझी जीभ वळणार नाही. तरी सांग.

आणि अक्षराला काय झालं? मागच्या पत्रात एवढाली अक्षरं काढलीस की दुकानाची पाटी रंगवतो आहेस असं वाटलं. ओळी तर उतारावरून घसरल्या आहेत.

ह्यांचाही आशीर्वाद. तुझा लोभ आम्हांला पोचतो. तुझी खुशाली खरी लिहिशील तर तीही पोचेल.

तुझी,
ताई

२८ एप्रिल

ती. स्व. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

उशीर झाला, रागावू नकोस. खोलीतला दिवा मंद आहे, म्हणून अक्षर मोठं येतं.

पुढची काच बदलली, आतली बदलली. डाग जिथल्या तिथे. बरोबर मधोमध, जिथे मला वितळलेलं लोखंड बघायचं असतं तिथेच. काच काळी होण्याचा नंबर अकरावर असायचा, तो मी नवावर आणला, म्हणजे जरा उजेडात दिसेल. थोडे दिवस बरं वाटलं, मग पुन्हा तेच. परवा फोरमनने माझा जोड सगळ्यांसमोर कापायला लावला. ताई, माझा जोड वाकडा गेला. आजवर कधी गेला नव्हता. मला फार लाज वाटली.

म्हणून हेल्मेट परत पाठवतो आहे. काच आतून बिघडली असणार, दुकानदाराला बदलून द्यायला सांग. झालर काढून घेतली आहे, त्याला कशाला द्यायची? मी परत जुनंच हेल्मेट घालतो आहे.

काच बदलून मिळेल ना? मिळेल असंच लिही. लोभ असू दे.

तुझा,
धाकटा

१४ मे

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

हे पत्र मी दोनदा फाडलं आणि पुन्हा लिहिलं.

दुकानदाराने काच उजेडासमोर धरली, उलटसुलट करून पाहिली, आर्क पेटवून पाहिली. काच ताबडतोब काळी झाली. मग मी हेल्मेट घालून दारात उभी राहिले. समोरच्या गच्चीवर वाळत घातलेल्या उशीच्या अभ्र्यावरची फुलंसुद्धा दिसली. बाळा, काचेवर डाग नाही. कुठेही नाही. तू उद्याच्या उद्या डोळ्यांच्या डॉक्टरकडे जा.

दुकानदाराने हेल्मेटवरची चार भोकं पाहून इथे काय होतं असं विचारलं. मी झालरीचं सांगितलं. मग त्याने काचेच्या वर दोन आणि खाली दोन अशा बारीक खिडक्या दाखवल्या. आर्क पेटल्याचं काचेला त्यांतून कळतं, त्यांच्यापुढे काहीही येऊ द्यायचं नसतं. वरच्या झाकल्या गेल्या आणि खालच्यांपुढे हात किंवा पत्रा आला, तर काचेला कळणारच नाही. बटण दाबल्यावर मात्र ती काळी होते, कारण बटणाला खिडक्या लागत नाहीत. आणि काळी झाली नाही तरी डोळ्यात वाळू घालणारे किरण ही काच अडवतेच, म्हणून डोळे दुखत नाहीत आणि माणूस गाफील राहतो. उजेड मात्र आत जातच असतो.

मी ती बोटभर जास्त खाली सोडली होती. तू झालर का काढून घेतलीस? खरं लिही.

तुझी,
ताई

६ जून

ती. स्व. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

अक्षर फिटरचं आहे, बोलणं माझं.

डॉक्टरकडे जाऊन आलो. डोळ्याच्या मागच्या पडद्यावर बारीक बघायची जी जागा असते, ती उजेडाने भाजली आहे, दोन्ही डोळ्यांत. चष्मा, थेंब, ऑपरेशन, सगळं विचारलं. डॉक्टर भले होते, खोटं बोलले नाहीत. कडेचं दिसत राहील, मधलं येणार नाही. आता माणसाच्या तोंडाकडे पाहिलं तर तोंडच नसतं. खांद्याकडे पाहिलं तर तोंड जरासं दिसतं. फोरमनने काम बंद करायला सांगितलं. महिनाअखेर घरी येतो.

झालरीचं विचारलंस. ती फाटली होती म्हणून काढली. खिडक्यांवर ती कधीच येत नव्हती, मी नीट बघून लावली होती. माझं काम आडजागेचं होतं, त्याने झालं. दुकानदाराला काय कळतं? तू मनाला लावून घेऊ नकोस. लोभ होता तसाच ठेव, एवढंच मागतो.

तुझा,
धाकटा

ताईंना फिटरचा सा. न. इथून खालचं मी माझं लिहितो, त्याला वाचून दाखवलेलं नाही. झालर फाटलेली नाही. हेल्मेट बांधायच्या दिवशी ती काढली, तेव्हा तिच्याखाली झाकलेल्या वरच्या दोन खिडक्या मला दिसल्या. मी बोललो. त्याने टेबलाखालचं माहितीपत्रक काढून माझ्याकडून वाचून घेतलं आणि तुम्हांला कळता कामा नये, अशी शपथ घातली. तुम्हांला कळलंच आहे, म्हणून लिहितो. झालर त्याच्या पेटीत कपड्यांमध्ये आहे, कुणाला हात लावू देत नाही. उत्तरात तिच्याबद्दल जे लिहाल ते मला त्याच्यासमोर मोठ्याने वाचावं लागेल, एवढं ध्यानात ठेवा.

१६ जून

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

पत्र पोचलं. फिटरचं अक्षर तुझ्यापेक्षा लाखपट चांगलं आहे, हे त्यांनी वाचताना लाजू नये.

झालर फाटली म्हणतोस ते खरंच असणार. चामडं हलकं होतं, जाड म्हणून मुकादमाने मला फसवलं. खिडक्यांवर येत नव्हती म्हणतोस तर नसेलच येत, हेल्मेट तू घालत होतास, मी नाही. माझ्या मनात आता काही नाही. तूही काही ठेवू नकोस.

तुझी खाट खिडकीपाशी लावली आहे. पायरीची कड ह्यांनी पांढऱ्या रंगाने रंगवली. तुझ्यासाठी कारखान्यात विचारलं, मुकादम म्हणाला की बटणं लावायलाही नजर लागते. दुसरं काही बघू, असं लिहायला हवं. पण काय बघायचं ते मला सुचत नाही, धाकट्या. खोटा धीर देता येत नाही.

गाडीतून उतरलास की मला शोधत फिरू नकोस, मी डब्याच्या दाराशीच येईन. माझ्या तोंडाकडे बघू नकोस. खांद्याकडे बघ, म्हणजे मी दिसेन.

तुझी,
ताई