पाठीवरचा डबा

आई,

हे पत्र मी तुला पाठवणार नाही. तोंडावर कौतुक केलं की तू चिडतेस.

आपल्या देवळालीत पोरं सातव्या-आठव्या वर्षी पाठीला तेलाचा रिकामा डबा बांधून विहिरीत पोहायला शिकतात. पोरी काठावर बसून त्यांचे कपडे सांभाळतात. तू सांभाळलेस, मीही सांभाळले. आणि परवा, अठ्ठावन्नाव्या वर्षी, तोच डबा बांधून तू उडी मारलीस. काठावर हसणाऱ्या बाया जरा वेळाने पुढे सरकून बघायला लागल्या.

तू छान तरंगतेस हे बघून, तुला शिकवायला विहिरीत उतरलेला सहादेवमामा डब्याची दोरी सोडायला आला. तू त्याचा हात झटकलास. "मी सांगीन तवा सोड. कुनाला घाई हाय?"

मी बघतच राहिले. 'सगळं वेळच्या वेळी व्हाया पायजे' म्हणत चौतिसाव्या वर्षापर्यंत मला स्थळं दाखवणारी तूच ना?

संध्याकाळी मावशीने नवं स्थळ काढलं. मी म्हणाले, "मी सांगीन तेव्हा." मावशी रागाने तुझ्याकडे बघायला लागली. तू शांतपणे चहा गाळत होतीस.

"तिचा डबा तिच्या पाठीला हाय," तू म्हणालीस. "आपन कपडे सांभाळू."

तुझी,
सारिका