रिकामी पेटी पिकते आहे

चांथाबुरी,
दुरियनचा हंगाम उतरताना

लमायताई,

तुझ्या धाकट्या भावाचा, वितूनचा, दोन्ही हात जोडून कपाळाला लावून नमस्कार. जेवलीस का? जेवली नसशील तर आधी भात खाऊन घे, कारण पत्र लांब आहे आणि मध्ये एका ठिकाणी तुला माझा राग येणार आहे. गुडघा कसा आहे? (फोनवर तू 'बरा आहे' म्हणालीस, पण मागे दाजी हसल्याचं मला ऐकू आलं.) दाजींचा खोकला थांबला का? तुमचा तो लाल कोंबडा अजून टपालवाल्याच्या अंगावर धावून जातो का? तसं असेल तर हे पत्र तुला उशिरा मिळेल, पण त्यात माझा दोष नाही. माझी तब्येत छान आहे. पॅन्ट कमरेत घट्ट झाली आहे, पण या दिवसांत चांथाबुरीत राहून ज्याची होत नाही त्याला घरचे डॉक्टरकडे नेतात.

हे सगळं फोनवरही सांगता आलं असतं. पण फोनवर तू मध्येच रडतेस नाहीतर मध्येच हसतेस, आणि दोन्ही वेळेला माझं बोलणं भलतीकडे जातं. कागद कसा गप्प ऐकून घेतो.

तर बाबांच्या झाडाविषयी. दाजींनी करवत विकत आणून ओट्यावर ठेवली त्या दिवसापासून तुझ्या घशाखाली घास उतरत नाही हे मला माहीत आहे. दाजींचंही अगदीच चुकत होतं असं नाही. आसपासच्या सगळ्या बागांनी जुनी झाडं काढून मोनथाँग जातीचा दुरियन लावला, व्यापारी मोनथाँग मागतो, आणि आपलं झाड म्हणजे बाबांनी कुठेतरी दुरियन खाऊन कुंपणाशी टाकलेल्या बीचं. त्याला नाव नाही, गाव नाही. गुण एकच, की त्याचं फळ खाली पडलं तरी दिवसचे दिवस न तडकता पडून राहतं, म्हणून गावात त्याला बिनघाईचं झाड म्हणतात. (बाबाही तसेच होते. त्यांना बस कधीच मिळाली नाही, पण बस चुकल्याचं दुःखही त्यांना कधी झालं नाही.) दाजी म्हणाले होते, तुझा भाऊ एवढी वर्षं पानाफळांचं पोट तपासतो आहे, हे फळ टिकतं असं त्याने लिहून आणावं, मी करवत माळ्यावर टाकतो. नाहीतर हंगाम संपला की झाड आडवं. मला तो न्याय पटला. माणूस तोडायच्या आधी विचारतो आहे, हे काही कमी नाही.

आता थोडं माझ्या धंद्याचं ऐक, नाहीतर पुढचं कळणार नाही. फळ पिकायला लागलं की ते एक वायू सोडतं. इथिलीन. तो दिसत नाही, आणि त्याचा वासही तुला-मला येत नाही, पण शेजारच्या फळाला बरोबर कळतो आणि तेही पिकायला लागतं. बारशाला एक मूल रडलं की सगळी रडतात, तसं. आम्ही फळं काचेच्या पेट्यांमध्ये बंद करतो, एका बाजूने पंपाने हवा आत सोडतो, दुसऱ्या बाजूने ती यंत्रात नेतो, आणि यंत्र सांगतं की हवेत हा वायू किती आहे. वायू कमी, तर फळ निवांत. वायू जास्त, तर फळ घाईचं. एवढंच माझं शास्त्र. यावर मी तीस पानं लिहू शकतो, ते वेगळं.

यात एक नियम आहे, की एक पेटी रिकामी ठेवायची. वायू फळातूनच येतो आहे, हवेतून नाही, याची खात्री पटावी म्हणून. नव्या विद्यार्थ्यांना मी पहिल्याच दिवशी हे शिकवतो. आणि मग तुझी पोती आली. गाडीवाला पोती उतरवत म्हणाला, "ताईंनी बजावलंय, एकपण फळ परत आणलंस तर परत दारात उभं करणार नाही." आता तूच सांग, तुझी फळं परत कशी पाठवायची? आणि ती जमिनीवर पडलेली असताना एक पेटी मुद्दाम रिकामी कशी ठेवायची? पाहुणे दारात उभे आणि पानावर बसू द्यायचं नाही, असं ते दिसत होतं. आमच्या प्रयोगशाळेतल्या अम्पायमावशी (यंत्र पुसणं, काचा धुणं आणि आम्हा सगळ्यांना ओरडणं हे त्यांचं काम) म्हणाल्या, "जागा असून बसवलं नाही तर तुमच्या ताईला काय वाटेल?" आम्ही रिकामी पेटीही भरली. आमच्या देशात शास्त्र हे असं भिडेपोटी मरतं, ताई.

पुढचं तुला माहीत आहे. यंत्राने आकडे दिले आणि आकडे वाईट होते. बाबांचं बिनघाईचं झाड बाजारात सगळ्यात घाईचं ठरलं. मी तुला फोन केला, तू रडलीस, दाजींनी करवतीला तेल घातलं (हेही मला ऐकू आलं, तुमच्या घरात फोन फार चांगला ठेवलेला असतो). त्या दिवशी मला खरंच वाईट वाटलं. त्या झाडाखाली मी पाढे पाठ केलेत. पण आकडा समोर आल्यावर मी काय करणार?

मग मला त्या आकड्यांमध्ये एक गंमत दिसली. वायू रोज सारखा नव्हता. अष्टमीला, पौर्णिमेला, म्हणजे तू पांढरे कपडे घालून देवळात जातेस त्या त्या दिवशी, आकडा उसळी मारायचा आणि मग हळूहळू उतरायचा. ताई, मी हरखून गेलो. फळ चंद्राच्या तालावर श्वास घेतं! मी सुंदर आलेख काढला, खाली चंद्राच्या कला रंगवल्या आणि आमच्या संचालिका डॉक्टर कन्निका यांच्या टेबलावर ठेवला. त्यांनी चष्मा वर केला, खाली केला आणि म्हणाल्या, "वितून, चंद्र आपल्या पंपाला जोडलाय का?" मी म्हणालो, मोठ्या शोधांना आधी सगळे हसतात. त्या म्हणाल्या, "हसतात ना, पण सगळेच हसलेले शोध मोठे नसतात." तरी मी मनातल्या मनात परिषदेला नेसायचं रेशमी पानुंग ठरवून ठेवलं होतं.

तेवढ्यात बँकॉकहून खात्याचे साहेब आले. हंगामात पाहुणा चांथाबुरीत येतो आणि दुरियन न खाता जातो, असं आमच्या हातून घडणं शक्य नाही. पिकलेलं फळ तेवढं तिसऱ्या पेटीत होतं. आम्ही ते काढलं, फोडलं, साहेबांनी चिकट भाताबरोबर खाल्लं आणि बोटं चाटत 'संशोधन उत्तम दर्जाचं आहे' असा शेरा दिला. पेटी पुसून बंद केली. पंप बंद करायचा राहून गेला.

दुसऱ्या दिवशी यंत्र सांगतं, तिसरी पेटी पिकते आहे. आत फळ नाही, साल नाही, बी नाही, आणि आकडा बाकी सगळ्यांच्या बरोबरीचा! मी कन्निकाबाईंना जाऊन सांगितलं, "मॅडम, रिकामी पेटी पिकते आहे." त्यांनी खुर्ची वळवली आणि विचारलं, "तीही पौर्णिमा पाळते का?" अम्पायमावशींचं मत वेगळं पडलं. त्या म्हणाल्या, पाहुण्याने खाल्लं तरी फळाचा जीव पेटीतच अडकलाय, तो शांत करायला हवा. लगेच त्यांनी यंत्राच्या पाठीमागे जाऊन तिथल्या देवाला आणखी दोन फण्या केळी वाहिल्या. आकडा आणखी वर गेला.

(आता तुझ्या रागाची जागा आली. पाणी पिऊन घे.)

पंपाची नळी कुठे गळते आहे का, हे बघायला मी यंत्राच्या मागे गुडघे टेकून सरपटत गेलो. पोट अडकलं, पण गेलो. भिंतीशी आमच्या यंत्राच्या रखवालदार देवाचं फडताळ आहे. झेंडूचा हार, लाल सरबताची बाटली, विजेची उदबत्ती (खरी लावली तर शेजारच्या गॅसच्या टाकीसकट आम्ही सगळे पुढच्या जन्मी भेटू), आणि केळी. फण्यांवर फण्या. काळे ठिपके पडलेली, जर्द पिवळी, तुझ्या बागेतली नामवा केळी. आणि त्या ढिगाऱ्यात, आईच्या पदरात तोंड खुपसावं तसं, माझ्या पंपाच्या नळीचं तोंड.

पिकलेलं केळं तो वायू भरपूर सोडतं, ताई. आम्ही पेट्यांमध्ये ताजी हवा नाही, तुझी केळी सोडत होतो. तू दर अष्टमीला, पौर्णिमेला गाडीवाल्याबरोबर एक फणी पाठवायचीस. अम्पायमावशींना फोन करून तूच सांगितलं होतंस म्हणे, "यंत्राच्या जितकी जवळ ठेवता येईल तितकी ठेवा, म्हणजे नवस थेट पोचेल." थेट पोचला. चंद्र गेला, परिषद गेली, रेशमी पानुंग गेलं. बाबांचं झाड वाचावं म्हणून तू हात जोडून वाहिलेली केळी त्याच झाडाची फळं पिकवत होती आणि दाजींच्या करवतीला तेल पुरवत होती.

मला हसू आवरेना, आणि मग तिथेच जमिनीवर बसून डोळ्यांत पाणी आलं. तू इतकी मनापासून पाठवत होतीस गं.

खरा पेच पुढेच होता, तो म्हणजे अम्पायमावशींना सांगायचं कसं? देवापुढची केळी उचला म्हणायला माझी जीभ रेटेना. मी दोन दिवस नुसता त्यांच्या आजूबाजूला फिरत होतो. शेवटी त्याच म्हणाल्या, "डॉक्टर, पैसे हवेत का?" मग सांगितलं. त्यांनी देवाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "मग त्याला काय आवडतं ते विचारा की. केळी काय मी खाते?" उकडलेल्या अंड्यांवर तडजोड झाली. अंडी इथिलीन सोडत नाहीत. (बाकी बरंच काही सोडतात, पण ते यंत्र मोजत नाही.)

नळी खिडकीबाहेर नेली, झाडाची नवी फळं मागवली, तुलनेला बाजारचा मोनथाँग ठेवला, तिसरी पेटी रिकामी ठेवली. तुझ्या उरलेल्या फळांना हात जोडून ती मी घरी नेली, कमरेचं रहस्य तेच. आणि ताई, रिकामी पेटी गप्प राहिली. बाबांची फळंही गप्प राहिली. शेजारच्या पेट्यांमधला मोनथाँग पिकला, तडकला, वास सोडून सगळ्या मजल्यावर पसरला, तरी आपली फळं बाबांसारखी बसचं काही वाटून न घेता बसून होती. मग सावकाश पिकली, आणि गर असा, की कन्निकाबाई दोनदा जेवल्या.

अहवालावर त्यांची सही झाली आहे. पुढच्या पावसाळ्यात झाडाची कलमं करायला आमची माणसं येणार आहेत, आणि तोवर फांदीलाही हात लावायचा नाही असं त्यांनी दाजींना वेगळं लिहिलं आहे. झाड राहिलं, ताई. आता पोटभर जेव.

तुझा,
वितून

ता. क. दाजींच्या कमरेचं माप लगेच कळव. कशाला हवंय ते विचारू नकोस आणि त्यांनाही सांगू नकोस. नवी पॅन्ट घेतोय म्हण.

ता. क. २. बरं, सांगतो. दुसऱ्या खेपेला पंप सुरू करायच्या आधी मी फडताळापुढे बसून नवस बोललो, की फळं निवांत राहिली तर यंत्रासमोर पूर्ण पोशाखात नाच होईल. माझं पोट तू पाहिलंच आहेस, तुझा गुडघाही मला माहीत आहे, म्हणून दाजींचं नाव घेतलं. अम्पायमावशींच्या भाच्याची नाचाची मंडळी आहे, तो पोशाख देतो. कन्निकाबाईंनी परवानगी दिली आहे, फक्त नाच व्हरांड्यात करा म्हणाल्या, यंत्र हलतं. दाजींना कसं पटवायचं ते तू बघ. त्यांच्यापुढे मी यात नाही.

ता. क. ३. पाकीट चिकटवतच होतो तेवढ्यात दाजींचाच फोन आला. अम्पायमावशींनी त्यांना सगळं सांगून टाकलंय. ते बराच वेळ खोकले, मग माप सांगितलं (तू खात्री करून घे, दोन इंच लपवलेत असं वाटतं), आणि विचारलं, मुकुट असतो ना? असतो म्हणालो. मग म्हणाले, करवत माळ्यावर कधीच टाकली आहे, पहिले वाईट आकडे आले त्याच संध्याकाळी, पण तुझ्या ताईला सांगू नकोस, तिला वाटेल मी घाबरलो. म्हणून तुला सांगतो आहे. येताना त्यांना नीट सांभाळून आण. आणि केळी आणू नकोस. दारातच पिशवी तपासणार आहे.